बाल्कनीतला जनरेटर: त्या मेसेजचा एकेक मुद्दा

मे संपत आला की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. आशय असा: अडीच केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घ्या, एसीसकट अख्खं घर चालेल. तो बाल्कनीत ठेवा. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून स्वयंपाकघरातल्या पंधरा अँपियरच्या सॉकेटमध्ये खोचा आणि मेन स्विच पाडा, वायरमन लागतच नाही. टाकी कायम भरलेली ठेवा, महिन्यातून दहा मिनिटं रिकामा, म्हणजे भार न टाकता चालवा, आणि इन्व्हर्टर भंगारात द्या. जोडीला १२ ऑक्टोबर २०२० ची आठवण असते. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली होती. धास्ती खोटी नाही, पण उपाय जवळजवळ सगळेच चुकीचे आहेत.

क्रम मेसेजचा ठेवत नाही. ज्याने माणूस मरतो ते आधी घेऊ.

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर. एक टोक जनरेटरमध्ये खोचलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पितळी पिनांवर २३० व्होल्ट असतात. वायर सॉकेटमधून निसटली आणि कोणी उचलायला गेलं, की संपलं. पण हा धोका निदान घरातल्या घरात राहतो. मेन स्विच पाडायचा विसरला, तर वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते.

यावर ठरलेला युक्तिवाद असा की अख्ख्या गल्लीचा भार अंगावर आला की एवढासा जनरेटर लगेच बंद पडेल, त्यामुळे बाहेर काही होणार नाही. गल्ली जोडलेली असेल तर बहुधा तसंच होईल. पण दुरुस्तीच्या वेळी लाईनमन काय करतो? आपल्या इमारतीजवळच्या पिलरमधले (वीज वाटणाऱ्या पेटीतले) फ्यूज काढून तेवढाच तुकडा वेगळा करतो. मग त्या तुकड्यावर दोन-चार घरांचाच भार उरतो, तो जनरेटर आरामात पेलतो, आणि लाईनमनच्या हातातली ‘मेलेली’ तार जिवंत असते. तुकडा ट्रान्सफॉर्मरला जोडलेलाच राहिला, तर तोच ट्रान्सफॉर्मर उलट्या दिशेने काम करून वरच्या ११ केव्हीच्या बाजूला हजारो व्होल्ट चढवू शकतो. करतो एक, भोगतो दुसरा.

आणि सगळं व्यवस्थित चाललेलं असताना महावितरणचा पुरवठा परत आला तर? दोन पुरवठे एकमेकांशी जुळलेले नसतात. फरक सर्वांत वाईट क्षणी चारशे व्होल्टच्या वर जातो आणि पहिला बळी अल्टरनेटरचं, म्हणजे जनरेटरच्या वीज तयार करणाऱ्या भागाचं, वाइंडिंग असतं. शिवाय मेन एकपोली, म्हणजे फक्त फेजची तार तोडणारा, असेल तर पाडल्यावरही न्यूट्रल जोडलेलाच राहतो, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही.

बरोबर पद्धत महाग नाही. मीटर आणि मेन स्विचनंतर तीन स्थितींचा हाताने फिरवायचा चेंजओव्हर बसवायचा: एकीकडे महावितरण, मध्ये बंद, दुसरीकडे जनरेटर. दोन्ही पुरवठे एकदम जोडणं त्याच्या रचनेतच अशक्य असतं, कुणाच्या लक्षात राहण्यावर काही अवलंबून नाही. सिंगल फेजला दोन पोलचा, थ्री फेजला चार पोलचा, म्हणजे न्यूट्रलही तुटला पाहिजे. बाहेरच्या भिंतीवर झाकण असलेला, पिना आत असलेला निळा औद्योगिक इनलेट, आणि तिथून चेंजओव्हरपर्यंत तांब्याची केबल: अडीच केव्हीएला २.५ चौरस मिमी, पाच केव्हीएला ४, अंतर वीस मीटरच्या पुढे असेल तर ६.

इथे एक गोष्ट नेहमी राहून जाते. छोट्या पोर्टेबल जनरेटरचा न्यूट्रल बहुतेकदा अर्थला जोडलेला नसतो. तसं असेल, तर घरातला ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) जनरेटरवर असताना शोभेचा राहतो, कारण गळतीच्या करंटला परतीचा मार्गच नसतो. चेंजओव्हरने न्यूट्रल तोडल्यावर जनरेटरच्या बाजूला न्यूट्रल आणि अर्थ एकाच ठिकाणी जोडावे लागतात, आणि अर्थचा खड्डाही चांगल्या स्थितीत लागतो. ऐरोली-वाशी-बेलापूरच्या खाडीकाठी अर्थिंगची पट्टी गंजून तुटलेली सर्रास सापडते. काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि शेवटी जनरेटर चालू ठेवून ईएलसीबीचं नुसतं बटण नव्हे, ईएलसीबी तपासायच्या मीटरने ट्रिपिंग दाखवायला सांगा. बटण दाबल्यावर ट्रिप होणं आणि खऱ्या गळतीला ट्रिप होणं यांत फरक आहे.

रो-हाउसच्या गच्चीवर सोलर असेल तर त्याचा इन्व्हर्टर चेंजओव्हरच्या महावितरणकडच्या बाजूलाच राहिला पाहिजे. जनरेटरच्या बाजूला आला, तर तो जनरेटरलाच ग्रिड समजून त्यात वीज ढकलू लागतो.

बाल्कनीत ठेवा. पेट्रोल इंजिनच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं. झोपेत असलेल्या माणसाला तेवढीही सूचना मिळत नाही. आपल्या बाल्कन्या तीन बाजूंनी बंद, वर ग्रिल, पावसाळ्यात त्यावर ताडपत्री, आणि मागे हॉलचं सरकतं दार. धूर तिथून हॉलमध्ये किंवा वरच्यांच्या बेडरूममध्ये जाणार. उघड्या जागेतसुद्धा चालता जनरेटर दार-खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब आणि सायलेन्सर घराच्या विरुद्ध दिशेला, हा नियम आहे. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये सहा मीटर कुठून आणणार? म्हणून फ्लॅटसाठी उत्तर सरळ आहे: जनरेटर घेऊ नका. पुढचं सगळं येऊरचे बंगले, वाशी-नेरूळ-खारघरची रो-हाउस आणि तळमजल्यावर मोकळी जागा असलेल्यांसाठी.

आवाजाचं म्हणाल तर निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा ४५ डेसिबलची आहे. साधा पोर्टेबल त्याच्या आसपासही फिरकत नाही.

अडीच केव्हीएत एसीसकट घर. पाटीवरचा मोठा आकडा बहुधा कमाल असतो. सतत देण्याची ताकद त्याखाली बारीक अक्षरात असते, समजा २.२ केव्हीए. म्हणजे साडेनऊ अँपियर. दोन किलोवॉटचा गीझर एकटाच पावणेनऊ घेतो. दीड टनाचा जुना, नॉन-इन्व्हर्टर एसी चालताना सात-आठ अँपियर घेतो, पण कॉम्प्रेसर उचलताना क्षणभर पाच-सहा पट मागतो. तिथे व्होल्टेज खाली बसतं, कॉम्प्रेसर फिरत नाही, नुसता गुणगुणत तापतो. इन्व्हर्टर एसी हळूहळू उचलतो, म्हणून तो एकटा चालेलही, पण त्याच्यासोबत फ्रिज सुरू झाला की गाडं अडलं.

हिशोब असा करा. चार पंखे ३०० वॉट, दहा एलईडी ९०, टीव्ही १००, फ्रिज १५०, वायफाय १५: चालू भार ६५५ वॉट. फ्रिज सुरू होताना क्षणभर हजाराच्या आसपास, म्हणजे सगळं मिळून दीड केव्हीए. एवढ्याला २.२ पुरतो. आता यात एक एचपीचा पाण्याचा पंप घाला. चालताना १.१ किलोवॉट, सुरू होताना पाच केव्हीएपर्यंत. इथे पाच केव्हीएचं यंत्र लागतं, आणि पंप सुरू करताना फ्रिज बंद ठेवायची शिस्तही. अंदाजावर जायचं नसेल तर इनरश नोंदवणाऱ्या क्लॅम्पमीटरने पंपाचा आणि एसीचा सुरुवातीचा करंट मोजून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

म्हणून सरळ पंधरा केव्हीएचा डिझेल घ्यावा, असंही नाही. ते का, हे पुढच्या मुद्द्यात.

महिन्यातून दहा मिनिटं रिकामा चालवा. हा सल्ला सोसायट्यांचे सेक्रेटरीसुद्धा मनोभावे पाळतात, आणि त्यातूनच चांगली यंत्रं खराब होतात. डिझेल इंजिन क्षमतेच्या साधारण ३० टक्क्यांखाली चाललं की सिलिंडर पुरेसा तापत नाही. डिझेल अर्धवट जळतं, काजळी आणि न जळलेलं इंधन सायलेन्सरपर्यंत साचतं, रिंगा चिकटू लागतात. सायलेन्सरच्या जोडातून काळं तेलकट काहीतरी ओघळताना दिसलं तर ते ऑइल गळतंय असं समजून गॅस्केट बदलत बसू नका. ते हेच. शिवाय दहा मिनिटांत ऑइल नीट तापत नाही, त्यातला दमटपणा उडत नाही, आणि स्टार्ट मारताना बॅटरीतून गेलेला चार्जही पुरता परत येत नाही. म्हणजे दर महिन्याला यंत्राचं थोडं नुकसान करून त्याला देखभाल म्हणायचं.

महिन्यातून एकदा अर्धा तास, निम्म्याच्या आसपास भार टाकून चालवा. पाच केव्हीएच्या यंत्रावर गीझर आणि इस्त्री लावली की तेवढा भार सहज होतो, २.२ च्या यंत्रावर नुसती इस्त्री पुरते. सोसायटीत लिफ्ट, पंप आणि जिन्याचे दिवे एकदम द्या. भार जमतच नसेल तर यंत्र गरजेपेक्षा मोठं आहे.

नेमक्या वेळी डीजी (डिझेल जनरेटर) सुरू न होण्यामागे बहुतेकदा इंजिनाचा दोष नसतो, बॅटरीचा असतो. विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. स्टार्ट मारताना ९.६ च्या खाली गेली तर बदला. चार्जर कायम जोडलेला असेल तर तो १३.५ ते १३.८ वर स्थिर राहतो का पाहा. त्यापेक्षा चढा असेल तर तोच पाणी आटवतोय. पावसाळा संपला की वाइंडिंगचं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने तपासा. एक मेगओमच्या खाली आलं असेल तर वाळवल्याशिवाय भार टाकू नका.

टाकी कायम भरलेली. डिझेलच्या बाबतीत हे अर्धं खरं आहे: रिकाम्या जागेत दव साचतं, पाणी तळाला बसतं आणि टाकी गंजते. पेट्रोलला मात्र हा सल्ला घातक. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते हवेतलं पाणी शोषतं. जून ते सप्टेंबर इथली हवा कशी असते ते वेगळं सांगायला नको. महिना-दोन महिने पडून राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये चिकट थर सोडतं. मग इंजिन फक्त चोक ओढल्यावर चालतं किंवा वरखाली धापा टाकतं, आणि मेकॅनिक प्लग बदलून पैसे घेऊन जातो. म्हणून मासिक फेरीच्या शेवटी पेट्रोलचा कॉक बंद करायचा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, थंड झाल्यावर कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडून उरलेलं काढायचं.

कॅन घरात ठेवण्याबद्दल: पेट्रोलियम कायद्यात विनापरवाना ३० लिटरपर्यंतची मुभा आहे, पण ती मुभा गॅसच्या शेगडीशेजारी ठेवण्यासाठी नाही. पाच लिटरचा धातूचा कॅन, घराबाहेर, सावलीत. टाकी भरताना इंजिन बंद करून पंधरा मिनिटं थांबा.

ऑइलबद्दल मेसेज काहीच बोलत नाही. नव्या पेट्रोल यंत्राचं पहिलं ऑइल वीस तासांनी, पुढे दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. पावसाळ्याआधी एकदा बदलणं सोपं जातं. एअर फिल्टर पन्नास तासांनी साफ करा, प्लगचं अंतर ०.७ ते ०.८ मिमी ठेवा.

इन्व्हर्टर भंगारात द्या. वरचीच यादी घ्या. फ्रिज आणि टीव्ही वगळून रात्रीचा भार चारशे वॉट. १५० अँपियर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-अवर, वापरात साधारण बाराशे. म्हणजे तीन तास, आणि पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, असतील तर जवळपास दुप्पट. फ्लॅटवाल्यांना बहुतेक वेळा एवढंच लागतं. बंगल्यातही इन्व्हर्टर राहू द्या, म्हणजे मध्यरात्री पावसात बाहेर जाऊन दोरी ओढावी लागत नाही.

एक तक्रार मात्र येईल: जनरेटर चालू आहे, पण इन्व्हर्टर त्याची वीज घेत नाही, बॅटरीवरच चालतोय. रिकाम्या जनरेटरची फ्रिक्वेन्सी ५२ हर्ट्झच्या आसपास असते आणि व्होल्टेजही डोलतं, ते इन्व्हर्टरला चालत नाही. मागच्या बाजूचा स्विच ‘यूपीएस’वरून ‘नॉर्मल’वर करा, थोडा भार आधी टाका. तरीही घेत नसेल तर जनरेटरचा गव्हर्नर (इंजिनाचा वेग स्थिर ठेवणारा भाग) जुळवून घ्यावा लागेल.