‘फोनपे इल्ला’ची पाटी कशी लावावी

बेळगावच्या दुकानदारांनो, कर खात्याच्या नोटिशीला भिऊन ‘फोनपे इल्ला’, म्हणजे ‘फोनपे नाही’, अशी पाटी लावणार असाल तर सगळ्यात आधी गल्ल्याच्या काचेवरचा स्कॅनर काढा. त्याचा डिंक चिवट असतो. नखानं खरवडलात तर अर्धामुर्धा चौकोन काचेवर राहतो आणि एखादं चलाख पोरगं त्यावरही मोबाईल धरून पैसे पाठवून दाखवतं. खोबरेल तेल चोळा, दहा मिनिटं थांबा, मग ब्लेड आडवं धरून काढा. साउंडबॉक्स मात्र नुसतं बटण दाबून माळ्यावर टाकू नका. त्याचं भाडं दरमहा तुमच्या खात्यातून आपोआप कापलं जातं आणि यंत्र परत केल्याची नोंद होईपर्यंत कापलं जात राहतं. मुकं जनावरसुद्धा वैरण खातंच.

आता पाटी. ‘इथे फोनपे चालत नाही’ एवढं मराठीत लिहून मोकळे व्हायला तुम्ही काय कोल्हापुरात बसलाय? कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्ती कायद्यानं दुकानाच्या फलकावर ६० टक्के कन्नड हवं, तेही वरच्या बाजूला. पुठ्ठ्याच्या तुकड्याला हा नियम लागतो की नाही, हा वाद दारात उभ्या राहिलेल्या माणसाशी घालायचा नसतो. म्हणून वर ठळक ‘यूपीआय इल्ला’ आणि खाली मुंगीएवढं ‘फक्त रोख’. एका खात्याला चुकवायची पाटी दुसऱ्या खात्याच्या नियमात बसलेली बरी.

हे सगळं तुम्ही का करताय, ते ठाऊकच आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्यानं २०२१-२२ ते २०२४-२५ या चार वर्षांचे यूपीआयचे आकडे मागवले आणि हजारो छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला २९ लाखांची नोटीस आली. ताज्या भाजीला जीएसटी नाही हे मंडईतल्या म्हशीलाही माहीत असताना आली. मग बंगळुरात स्कॅनर फाटू लागले, रोखीच्या पाट्या लागल्या, आणि आता तुम्हालाही तीच बुद्धी झाली आहे. उत्तम. ज्या चार वर्षांचा हिशेब खात्याच्या संगणकात आधीच जाऊन बसलाय, त्याचा स्कॅनर आज फाडायचा. बैल गेल्यावर निदान झोपा तरी करतात लोक. तुम्ही तर गोठ्याला पाटी लावताय. शिवाय मार्चपर्यंत महिन्याला तीन लाख आणि एप्रिलपासून एकदम शून्य, असा आलेख ज्याच्या नावावर दिसेल त्याच्याकडे बघायला अधिकाऱ्याला चष्माही लागत नाही.

आकडेमोड अजिबात करू नका. ती केली की पाटी लावायचा उत्साह जातो. माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची उलाढाल, सेवा देणाऱ्याला २० लाखांची. ४० लाखांना ३६५ नं भागलं तर रोजची विक्री १०,९५९ रुपये. म्हणजे गणपत गल्लीत रोज अकरा हजारांचा कुंदा, आपली बेळगावची मिठाई, विकणारा मर्यादेच्या पलीकडं गेला. चहाची टपरी असेल तर कायदा तिला सेवा समजतो, म्हणून तिथं ५,४७९ रुपये. दहा रुपयांचा चहा धरला तर दिवसाला ५४८ कप. बसस्टँडजवळच्या टपरीला हे फार नाहीत. आणि या मर्यादेत रोखीची विक्रीही मोजली जाते. पैसे हवेतून आले काय किंवा हातातून आले काय, उलाढाल तेवढीच. स्कॅनर काढल्यानं विक्री कमी होत नाही, फक्त तिचा पुरावा कमी होतो. आणि तुमच्या बाजूनं बोलणारा पुरावाही त्याच्याबरोबरच जातो.

मर्यादा ओलांडली तर नियमित नोंदणीशिवाय दुसरी सोपी वाट आहे, ती कोणालाही सांगू नका. तिचं नाव कंपोझिशन. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराला किंवा मिठाई बनवणाऱ्याला त्यात १ टक्का, हॉटेलवाल्याला ५ टक्के. ४५ लाखांच्या उलाढालीवर वर्षाचे ४५ हजार, म्हणजे महिन्याला ३,७५०. तीन महिन्यांनी एकदा एक कागद, वर्षाला एक विवरण. पण ही सवलत मागच्या वर्षांना लागू होत नाही. नोंदणी न करता पकडलं गेलं तर मिठाईला ५ टक्क्यांनी त्याच ४५ लाखांवर सव्वादोन लाख, त्यावर सालाना १८ टक्के व्याज आणि दंड तेवढाच. ४५ हजार वाचवायला सव्वादोन लाखांची जोखीम घेणं हाच तर धंद्याचा बाणा. निप्पाणीच्या तंबाखूवाल्यांना ही कंपोझिशनची सोयच नाही, तंबाखूचे पदार्थ बनवणारे त्यातून वगळलेत. तेव्हा त्यांनी हा परिच्छेद वगळला तरी चालेल.

आता खरी हुशारी. स्कॅनर नाव बदलून परत लावा. एक बायकोच्या नावावर, एक कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याच्या, एक जावयाच्या. प्रत्येकाचं पॅन वेगळं, प्रत्येकाला ४० लाख, म्हणजे एका दुकानात एक कोटी वीस लाखांपर्यंत बिनघोर, असा हिशेब शनिवार खुटावर चहा पिता पिता कोणीतरी मांडतंच. त्यात छोट्या अडचणी आहेत. दुकान एक, हेस्कॉमचं वीजबिल एक, खरेदीची बिलं एकाच्या नावावर, गल्ल्यावर बसणारा माणूसही एकच. अधिकाऱ्यानं गिऱ्हाईक बनून तीन वेळा पाव किलो कुंदा घेतला की तीन नावं आणि एक तोंड त्याच्या वहीत येतात. भाच्याच्या खात्यात पंधरा लाख दिसले की त्याच्या शिष्यवृत्तीच्या उत्पन्न दाखल्याचं काय होईल, ते त्याच्या आईला तुम्हीच समजावून सांगा. जावयाबद्दल काही लिहीत नाही. वर्षाअखेर पैसे परत मागायची वेळ तुमच्यावर येणार आहे, माझ्यावर नाही.

बायकोच्या नावाचा मुद्दा मात्र खरोखर विचार करण्यासारखा आहे, इथं चेष्टा थांबवतो. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार घरातल्या कर्त्या बाईला मिळतात, पण ती किंवा तिचा नवरा आयकर भरत असेल किंवा जीएसटीचं विवरण भरत असेल तर मिळत नाहीत. म्हणजे तुम्ही नोंदणी केली की वर्षाचे २४ हजार घरातून जातात. ४५ हजार करात हे मिळवलं तर नोंदणीची खरी किंमत ६९ हजार होते. अनगोळ-वडगावात पुष्कळ दुकानांच्या नोंदणीला अडवून धरणारी बाई म्हणजे हिशेबात पक्की असलेली बाई. तिला ‘देशासाठी कर भर’ सांगणाऱ्यांनी आधी हे २४ हजार कुठून भरून काढायचे ते सांगावं. असो.

चेष्टा पुन्हा चालू. गिऱ्हाइकाला सांगा की पैसे पाठवताना खाली ‘उसने’, ‘घरभाडं’, ‘दुधाचं’ असं काहीतरी लिहा. दिवसाला दोनशे माणसं तुम्हाला चाळीस-चाळीस रुपये उसने देतायत, आणि तुम्ही कोणालाच परत करत नाही, हे चित्र कोणत्याही अधिकाऱ्याच्या काळजाला हात घालेल. खरी गोची याच्या उलटी आहे. खरोखरचे उसने, भिशीचे हप्ते, पुण्यातल्या मुलानं पाठवलेले पैसे, हे सगळं दुकानाच्याच खात्यात येतं, आणि कर खात्याचा संगणक ते सगळं विक्रीत धरतो. नोटिशीतले आकडे फुगलेले असतात ते बहुतेक याच्यामुळं. धंद्याला वेगळं चालू खातं उघडून त्याचाच स्कॅनर लावला असता तर ही भानगडच नव्हती. पण त्यासाठी बँकेत एक सकाळ घालवावी लागते, आणि एवढा वेळ कोणाला आहे?

रोखीवर आलात तर रोखीचे सोहळेही करा. सकाळी पाचशेची मोड देता येईल एवढी चिल्लर हवी, नाहीतर दहाच्या चहाला पाचशेची नोट येते आणि ‘सुट्टं न्हाई ओ’ म्हणत गिऱ्हाईक शेजारच्या टपरीवर जातं. तिथला साउंडबॉक्स ‘दहा रुपये प्राप्त झाले’ म्हणतो तो तुम्हाला ऐकू येईल एवढ्याच अंतरावर असतो. रोज अकरा हजार बचत खात्यात भरलेत तर ९१ व्या दिवशी दहा लाख ओलांडतात, आणि बचत खात्यात वर्षाला दहा लाख रोख भरल्याची माहिती बँक आयकर खात्याला स्वतःहून कळवते. चालू खात्याला तोच आकडा ५० लाख. म्हणजे एका सरकारी खात्यापासून लपवलेली रक्कम तुम्ही दुसऱ्या सरकारी खात्याला रांगेत उभं राहून, पावती घेऊन सांगता. खडेबाजारात लग्नाचा बस्ता विकणाऱ्यांनी आणखी मोठी झेप घ्यावी. एकाच लग्नासाठी एकाच माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला बंदी आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच. अडीच लाखांचा बस्ता, अडीच लाखांचा दंड. तीन दिवस तीन हप्त्यांत घेतले म्हणून सुटका होत नाही, कारण प्रसंग एकच. वर नवरीकडच्यांना चहा-फराळ तुम्हीच दिलेला.

नोटीस आली तर उघडू नका. इंग्रजीत असते नाहीतर कन्नडात, दोन्ही समजायला त्रास. गणपतीच्या तसबिरीमागं सरकवा. तिचं उत्तर मुदतीत गेलं नाही तर खातं एकतर्फी आदेश काढतं, आणि मग वसुली थेट बँक खात्याला हात घालते. तोपर्यंत तसबिरीमागची जागा पुरेल. उत्तर द्यायचं म्हटलं तर फारच साधं काम आहे, म्हणून टाळा. बँकेचं विवरण छापून घ्यायचं, त्यात घरचे, उसने, भिशीचे पैसे वेगळ्या रंगानं दाखवायचे, करमाफ मालाची खरेदी-विक्री वेगळी काढायची, बिलं जोडायची. नोटीस म्हणजे ‘सांगा, हे काय आहे?’ असा प्रश्न असतो, फासाचा हुकूम नसतो. हे ज्यांनी ओळखलं त्यांचे आकडे खाली आले. २३ जुलै २०२५ ला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांना सांगितलं होतं की जुन्या थकबाकीची वसुली होणार नाही, पण नोंदणी करून घ्या. त्यातलं पहिलं वाक्य ऐकून मिठाई वाटायची आणि दुसरं वाक्य येईपर्यंत टीव्ही बंद करायचा, ही पद्धत चांगली.

तरी नोंदणीचा मोह झालाच तर फी काही नाही, मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा, आणि अडकतो तो नेमक्या एका कागदापाशी. गाळा भाड्याचा, करार तोंडी, वीजबिल मालकाच्या वारलेल्या आजोबांच्या नावावर. मालकाचं संमतीपत्र, घरपट्टीची पावती आणि भाडेकरार लिहून आधीच ठेवला तर अर्ज परत येत नाही. आधार आणि पॅनवरचं नावही एकदा जुळवून बघा. आधारावर कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं आडनाव पॅनवरच्या आडनावाशी फटकून वागतं, आणि संगणकाला तुमच्या कुळाशी देणंघेणं नसतं. मग कंपोझिशनचा तिमाहीचा भरणा पुढच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्यामुळं आपल्याला तारखा पुढं जायची सवय आहे. ही १८ तारीख जात नाही.

शेवटचा इलाज अस्मितेचा. कर्नाटकातला जीएसटी क्रमांक २९ नं सुरू होतो, महाराष्ट्रातला २७ नं. दुकानाच्या पाटीवर २७ झळकावा, अशी इच्छा असलेल्या भल्या माणसांनी वेंगुर्ला रस्त्यानं बाची ओलांडून हद्दीपलीकडं, महाराष्ट्रातल्या शिनोळीला गाळा घ्यावा. मात्र ४० लाख पॅनवर मोजले जातात, राज्यावर नाही. इकडचे पंचवीस आणि तिकडचे वीस मिळून पंचेचाळीसच होतात. मर्यादेच्या आत असलात तरी परराज्यात माल विकायला निघालात की पहिल्या डब्यापासून नोंदणी सक्तीची, आणि कंपोझिशनवाल्याला तर परराज्यात माल विकताच येत नाही. इचलकरंजीहून साड्या आणता येतात, चंदगडला पाठवता येत नाहीत. चंदगडचं गिऱ्हाईक गल्ल्यावर येऊन डबा घेऊन गेलं तर चालतं, फक्त बिलावर त्याचा पत्ता लिहू नका. ऑक्टोबर २०२३ पासून बिनानोंदणीच्या गिऱ्हाइकाला दिलेला माल बिलावर पत्ता असेल तिथं गेला असं धरतात, पत्ता नसेल तर तुमच्याच राज्यात. आणि दोन्हीकडं नोंदणी केलीत तर कायदा तुम्हाला दोन वेगळी माणसं मानतो. सकाळी टेम्पोत वीस किलो कुंदा घालून तुम्ही बेळगावातून निघता. बाचीपर्यंत तो तुमचा असतो, शिनोळीत उतरवेपर्यंत तो तुम्ही तुम्हालाच विकलेला असतो.