ही होडी नाय, पडवी आसा!

मिनेसोटात राहायला आलं की पहिल्या थंडीत फावडं घ्यावं लागतं आणि चौथ्या-पाचव्या उन्हाळ्यात बोट. फावड्याला पर्याय नसतो, बोटीला असतो, पण तसं इथे कोणी बोलून दाखवत नाही. गाड्यांच्या नंबरप्लेटवरच लिहिलेलं असतं की हे दहा हजार तळ्यांचं राज्य, आणि सरकारने मोजली तर दहा एकरांहून मोठी तळीच 11,842 निघाली, म्हणजे जाहिरातीत कमी सांगून प्रत्यक्षात जास्त देणारं हे बहुतेक एकमेव सरकार असावं. राज्यात नोंदवलेल्या बोटी आठ लाखांवर आहेत. त्यातली एकही आपली नाही हे दुःख माझ्या नवऱ्याला दर मे महिन्यात नव्याने होतं.

नवरा मालवणजवळच्या देवबागचा. मासे हा त्याच्या घरात जेवणाचा नाही, बोलण्याचा विषय, जेवताना तर मागच्या वेळी खाल्लेल्या माशाबद्दल बोलतात. माझं माहेर पुण्याचं, तिथे मासा म्हणजे मत्स्यावतार, तोही चित्रात. लग्नानंतर मी खायला लागले, पण पहाटे चारला उठून तो पकडायला जाण्याइतकी प्रगती काही झालेली नाही. मला बोट हवी ती सावलीत बसून, पाय वर घेऊन, कोणी तरी दिलेला चहा प्यायला. पोरांना हवी मागे ट्यूब बांधून पाण्यावर फरफटत जायला. सासूबाईंचा एकच प्रश्न होता, "शूचा काय? पोरां काय करतली?" पोरांचं नाव पुढे केलं तरी प्रश्न कोणाचा ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

या सगळ्यांना एकत्र बसवणारी बोट म्हणजे पाँटून, असं आम्हाला जानेवारीतल्या बोट शोमध्ये सांगण्यात आलं. बाहेर उणे बावीस, तळी इतकी गोठलेली की लोक त्यावर पिकअप ट्रक नेतात, आणि आत हॉलमध्ये गालिच्यावर ओळीने बोटी, लोक स्नोबूट खाली काढून मोज्यांवर वर चढतायत आणि सोफ्यावर बसून डोळे मिटतायत. नवऱ्याने तिथूनच देवबागला व्हिडिओ कॉल लावला. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, खालची अॅल्युमिनियमची दोन नळकांडी बघितली, वरचं सपाट फळ्यांचं जमिनीसारखं डेक, चारी बाजूंनी कठडा, कोपऱ्यात सोफे, वर कापडी छप्पर. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही होडी नाय गो, पडवी आसा."

आणि खरंच तसंच आहे ते. हा प्रकार जन्मला पण इथेच. रिचमंड नावाच्या गावाजवळच्या अँब्रोज वीअर्स नावाच्या शेतकऱ्याने पत्र्याची पिंपं एकाला एक जोडून त्यावर लाकडी फळ्या टाकल्या, आणि 1952 मध्ये त्याचा धंदाच सुरू केला. विक्रेत्याने ही गोष्ट इतक्या अभिमानाने सांगितली की नवऱ्याने ती लगेच फोनमध्ये भाषांतर करून ऐकवली. तिकडून उत्तर, "शेतकरी ना? म्हणानच."

तर आता निवड. एक असते 'क्रूझ', म्हणजे सगळीकडे सोफे, माणसं समोरासमोर, मधे टेबल, आपल्या दिवाणखान्यासारखं. दुसरी 'फिश', म्हणजे चार कोपऱ्यांत चार फिरत्या खुर्च्या, रॉड अडकवायच्या नळ्या, मासे जिवंत ठेवायची टाकी, बसायला मात्र जेमतेम. तिसरी 'फिश अँड क्रूझ'. विक्रेता या तिसरीपाशी आला की आवाज हळू करून सांगतो की यात दोन्ही होतं. मला 'दोन्ही होतं' या शब्दांची भीती वाटते. सोफा कम बेड घेऊन आम्ही दोन्हीला मुकलेलो आहोत, सोफा म्हणून तो टोचतो आणि बेड म्हणून त्यावर कोणी पाहुणा दुसऱ्या रात्री झोपत नाही.

या तिसऱ्या प्रकारात मासे ठेवायची टाकी कुठे असते, तर मागच्या सोफ्याच्या शेजारी. त्याच्या बाजूच्या कप्प्यात मी मनातल्या मनात चिवडा आणि भाकरवडी ठेवली होती. नवरा म्हणे टाकीत उरलेल्या वेळात बर्फ घालून कोल्ड्रिंक ठेवू. उरलेल्या वेळात!

नवऱ्याचं म्हणणं, गालिचा नको, विनाइल हवं, कारण गळ गालिच्यात रुतला की निघत नाही. हे पटलं. मग सोफ्यांचा रंग. एकजात सगळे क्रीम नाहीतर पांढरे. विक्रेता म्हणाला डाग पडत नाहीत, वाइन सांडा, केचप सांडा. मी म्हटलं, हळद? तो हसला आणि कव्हरचे चार तुकडे नमुन्याला दिले. ते घरी आणून मी ओळीने ओट्यावर मांडले, प्रत्येकावर कालवणाचा एक एक चमचा, मालवणी मसाला, वर तेल आलेलं, आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी साबणाने घासलं. चारही पिवळे. क्रीमवाला तर असा की त्याच्याकडे बघून कोणालाही कावीळ वाटेल. मग माझ्या आईने सांगितलेलं आठवलं, पांढऱ्या साडीवरचा हळदीचा डाग धुऊन उन्हात टाकायचा. तुकडे खिडकीत ठेवले, आणि दोन-तीन उन्हांनंतर पिवळेपणा निम्म्याच्या वर गेला, फिक्या राखाडीवर तर शोधावा लागला. बोट उन्हातच असणार, त्यामुळे राखाडी ठरला. या अख्ख्या खरेदीत प्रयोग करून घेतलेला निर्णय हा एकच, बाकी सगळे आवाज चढवून झाले.

एप्रिलअखेर अण्णा आणि आई, म्हणजे सासूबाई, आले आणि प्रकरण गंभीर झालं. अण्णांनी डीलरकडे जाऊन खाली वाकून पहिल्यांदा नळकांडं ठोकलं. "फुटलां तर? मधी पडदे आसत काय?" आहेत, आतून कप्पे असतात, एकाला भोक पडलं तरी बाकीचे तरंगवतात. नवऱ्याने हे सांगितल्यावर त्यांनी मान हलवली, हे त्यांच्याकडून आलेलं पहिलं सर्टिफिकेट.

मग दोन नळकांडी की तीन. तिसरं घेतलं की किंमत काही हजार डॉलरने उडी मारते, पण मोठं इंजिन बसतं, माणसं जास्त बसतात आणि वळताना बोट कलत नाही. घराजवळच्या तळ्यात दोन पुरली असती. पण नवऱ्याच्या डोक्यात मिल लॅक्स, जिथला वॉलआय मासा प्रसिद्ध आहे. ते तळं पाचशे चौरस किलोमीटरहून मोठं आणि खोली जास्तीत जास्त बेचाळीसेक फूट, त्यामुळे वारा सुटला की लाटा लगेच उभ्या राहतात. आणि बोटीवर एक पाटी असते, किती माणसं आणि किती पाउंड. मी वाचली आणि मंडळाच्या गणपतीचा आमचा ग्रुप डोळ्यांपुढे आणला. दोन नळकांड्यांवर आम्ही कायद्यात बसत नव्हतो. पाउंडात तर नव्हतोच.

मे महिन्यात पाण्यावर ट्रायल. वॉलआयचा सीझन साधारण मदर्स डेच्या वीकेंडला उघडतो आणि त्या दोन दिवसांत इथल्या आयांना लायसन्सशिवाय मासे पकडता येतात. नवरा म्हणाला, बघ, सरकार पण तुला बोलावतंय. मी म्हटलं, मदर्स डेला सरकारने मला झोपू द्यावं.

तिथे एक गोष्ट कळली जी ब्रोशरमध्ये नव्हती. पडवीला भिंती असतात आणि भिंतींना वारा लागतो. नवरा पुढे उभा राहून बॅटरीवरच्या छोट्या मोटरने बोट एका जागी धरायला बघत होता आणि बोट त्याला न विचारता आडवी होऊन बांबूच्या झाडीकडे, म्हणजे इथल्या लव्हाळ्याकडे, निघाली होती. विक्रेता बटणं दाबायला सांगत होता. अण्णा खुर्चीतून उठलेही नाहीत. "वारो खंयसून येता ता बघ आधी. वाऱ्याच्या वर ने आणि सोड, आपसूक येतली." तसं केलं आणि बोट गुमान, हळूहळू, नेमक्या हव्या त्या बाजूने वाहत आली. विक्रेत्याने नवऱ्याला विचारलं की हे कुठल्या लेकवर गाइड होते.

मग नवऱ्याने झोकात रॉड मागे नेला आणि गळ कापडी छपरात. दुसऱ्यांदा नेला तो सासूबाईंच्या शालीत. आई काही बोलल्या नाहीत, शाल सोडवली, आणि पडद्याची ती कपडे बदलायची छोटी खोली उघडून आत काय आहे ते बघून आल्या. परत आल्या त्या प्रसन्न चेहऱ्याने. त्या क्षणी मला कळलं की ही बोट आम्ही घेतोय.

घेतली. बावीस फुटी, तीन नळकांडी, फिश अँड क्रूझ, राखाडी सोफे. माझं मत अजून तेच आहे, दोन्ही होत नाही, पण वेळ वाटून घेता येते. पाच ते नऊ ती नवऱ्याची, मग धुवायची, टाकी रिकामी करायची आणि अकरापासून आमची. तळ्याबाहेर काढली की बुडाचा प्लग काढून पाणी सोडायचंच, तो कायदाच आहे, झेब्रा मसल नावाचे शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. दहा वर्षांच्या आतल्या पोरांना बोट चालू असताना लाइफ जॅकेट घालायचं, तोही कायदा, आणि आमच्या धाकट्याने तो इतका मनावर घेतलाय की तो जॅकेट घालूनच जेवतो.

आता वाद मागच्या डाव्या खुर्चीचा आहे. ती फिरते, तिथे सावली येते आणि चिवड्याचा कप्पा हाताशी आहे. नवरा म्हणतो ती मासे पकडायची खुर्ची. मी म्हणते अकरानंतर नाही. अण्णा दोघांचं ऐकून घेतात, गोड्या पाण्यातल्या माशाक चव खंयची म्हणून नाक मुरडतात, आणि रोज रात्री झोपायला जाताना सांगून जातात, "पाच वाजता निघाक व्हया. आणि ती खुर्ची माझी."