कडा बंद होतो तेव्हा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा नेहमीचा चढाईचा कडा जमिनीच्या मालकाने बंद केला, त्याचा राग तिच्यात आहे आणि तो मला समजतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कडा निसर्गाचा आहे, घाण करणारे मूठभर असतात, त्यांच्यापायी सगळ्यांना बंदी हा अन्याय आहे, आणि त्याविरुद्ध भांडायचं सोडून मी माझ्या लेखात क्लाइंबरांनाच, म्हणजे कडे चढणाऱ्यांनाच, कसं वागावं ते शिकवत बसले.

अन्याय आहे, मान्य. पण खांद्यावर दोर टाकून येणाऱ्यांत तुम्ही कोण आणि मी कोण, हे जमिनीच्या मालकाला कसं कळणार? त्याला सगळे सारखेच. 2006 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात एक नामांकित क्लाइंबर डेलिकेट आर्च या प्रसिद्ध कमानीवर चढला. नियमाच्या शब्दांत पळवाट होती, त्यामुळे त्याच्यावर कारवाई झाली नाही. नियम मात्र काही दिवसांतच कडक झाले, आणि ते सगळ्यांनाच लागू झाले.

प्रत्येक वेळी घाणच कारण असते असंही नाही. एकदा आमच्या गटाने शेताच्या फाटकासमोर गाड्या लावल्या आणि लवकर परतू म्हणत वर गेलो. उतरेपर्यंत संध्याकाळ झाली. ट्रॅक्टर दिवसभर आत अडकून पडला होता. पुढच्या वेळी गेलो तर वाटेवर तारेचं कुंपण. आम्ही एक कागदही मागे टाकला नव्हता, कातळावर एक ओरखडा काढला नव्हता. ते कुंपण आठवलं की अजूनही अपराधी वाटतं.

‘पक्ष्यांच्या नावाखाली महिनोन्‌महिने भिंती बंद ठेवतात’ असंही तुम्ही लिहिलंय. इथे मात्र मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. बहिरी ससाणा उघड्या कपारीत अंडी घालतो. आपण जवळ गेलो की मादी उडते आणि अंडी गार पडतात. डीडीटी या कीटकनाशकामुळे या पक्ष्याच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली होती की ती उबवतानाच फुटायची. तेव्हा अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात क्लाइंबरच शास्त्रज्ञांच्या मदतीला गेले. एल कॅपिटनसारख्या भिंतींवरच्या घरट्यांतून त्यांनी ती नाजूक अंडी सुखरूप बाहेर काढली आणि नंतर तिथे बाहेर उबवलेली पिल्लं नेऊन ठेवली. अमेरिकेत 1972 साली डीडीटीवर बंदी आली आणि 1999 साली हा ससाणा तिथल्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर पडला. दोरावर लटकून ते काम करणारे आपलेच लोक होते. विणीच्या हंगामात चढाईचा एक मार्ग सोडणं त्यापुढे किती लहान गोष्ट आहे!

अमेरिकेतल्या डेव्हिल्स टॉवर या सुळक्याचं उदाहरणही मला महत्त्वाचं वाटतं. अनेक आदिवासी जमातींना तो सुळका पवित्र आहे. म्हणून 1995 पासून दर जूनमध्ये तिथे न चढण्याची विनंती केली जाते. ती फक्त विनंतीच आहे. मोडली तरी दंड नाही. तरीही पहिल्याच जूनमध्ये चढणाऱ्यांची संख्या कितीतरी पटींनी घटली. पुढे मात्र ती पुन्हा वाढत गेली, याचं मला फार वाईट वाटतं. कायद्याचा धाक नसताना आपण कसे वागतो, हेच तर त्या जमाती पाहत असतात.

राहिलं भांडणं. जरूर भांडू, पण मालकाला आधी आपली ओळख तरी हवी. अमेरिकेत 1991 साली सुरू झालेली ॲक्सेस फंड ही क्लाइंबरांची संस्था मालकांशी बोलते, पायवाटा दुरुस्त करते, वेळ पडली तर जमीनही विकत घेते. पुष्कळ मालकांना आपला राग नसतोच, भीती असते: उद्या कुणी पडलं तर आपल्यावर दावा लागेल. ती भीती समोर बसून, कागदपत्रं दाखवून घालवावी लागते. चिडून लिहिलेल्या पोस्टमुळे ती वाढतेच.

तुमच्या कड्याच्या मालकाला आजवर कुणी जाऊन भेटलंय का? प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख दिसला नाही. जाणार असाल तर कळवा, मीही येते.