‘सगळेच देश फक्त अभिमानाचा इतिहास शिकवतात’ हे खरं नाही

गेले काही दिवस एक संदेश सगळीकडे फिरतो आहे. मलाही तो तीन-चार जणांनी पाठवला, त्यातले दोघे तर अगदी जवळचे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: जगातला प्रत्येक देश मुलांना अभिमान वाटेल तेवढाच इतिहास शिकवतो. चुका आणि पराभव शिकवले की मुलं न्यूनगंड घेऊन वाढतात. इतिहास तसाही जेतेच लिहितात आणि परक्यांनी लिहिलेला पक्षपातीच असतो. शिवाय शाळकरी मुलांना दोन बाजू झेपत नाहीत, तेव्हा त्यांना फक्त आपली बाजू शिकवावी.

पाठवणाऱ्यांच्या मनात आपल्या माणसांविषयी माया आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच दोन ओळींत न उरकता एकेक मुद्दा घेते.

‘प्रत्येक देश अभिमानाचाच इतिहास शिकवतो’

मग जर्मनीचं काय? नाझी राजवट आणि ज्यूंचा संहार हा तिथल्या शाळेत टाळता न येणारा भाग आहे. शाळांच्या सहली छळछावण्यांच्या स्मारकांना जातात. हे पहिल्या दिवसापासून असं नव्हतं. युद्धानंतर बरीच वर्षं तिथेही या विषयावर गप्प बसण्याचीच रीत होती. १९६१ मध्ये जेरुसलेमला आइकमन या ज्यूंच्या संहारातल्या प्रमुख नाझी अधिकाऱ्यावर खटला चालला, १९६३ पासून फ्रँकफुर्टमध्ये आउशवित्झ छावणीत काम केलेल्यांवर चालला, आणि नवी पिढी घरातल्या मोठ्यांना विचारायला लागली, तेव्हा कुठे ही कोंडी फुटत गेली.

पुढे २००६ मध्ये जर्मनी आणि फ्रान्स यांनी वरच्या वर्गांसाठी इतिहासाचं एकच पाठ्यपुस्तक काढलं. भाषा दोन, मजकूर तोच. १८७० ते १९४५ या ७५ वर्षांत हे देश तीन युद्धांत एकमेकांसमोर उभे होते. आणि हे पुस्तक हवं अशी मागणी कुणी केली? २००३ मध्ये बर्लिनला जमलेल्या दोन्ही देशांच्या तरुण मुलामुलींनी.

सरकारांना गौरवाचा मोह होतो, हे मात्र कबूल. फ्रान्सनेच २३ फेब्रुवारी २००५ च्या कायद्यात, वसाहतींमधल्या फ्रेंच वास्तव्याची ‘सकारात्मक भूमिका’ अभ्यासक्रमाने मान्य करावी, असं कलम घातलं होतं. इतिहासकार उभे राहिले आणि वर्षभरात ते कलम मागे घ्यावं लागलं.

‘चुका शिकवल्या की मुलांचं मन खचतं’

या मुद्द्यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण नेमका हाच बहुतेकांना पटतो.

१९४५ चा जपान घ्या. ऑगस्टमध्ये शरणागती झाली आणि काही आठवड्यांत मुलं वर्गात परतली. नवी पुस्तकं नव्हती. हातात होती ती जुनीच, सरकारने तयार केलेली, युद्धाच्या आणि सैनिकांच्या गौरवाने भरलेली. मग शिक्षकांनी पानं आणि ओळी सांगायच्या आणि मुलांनी कुंचला शाईत बुडवून त्या काळ्या करायच्या. काही पुस्तकांत पानंच्या पानं काळी झाली. ज्या गुरुजींनी तो मजकूर पवित्र म्हणून पाठ करून घेतला होता, तेच आता कुठली ओळ पुसायची ते सांगत होते. ३१ डिसेंबरला तर इतिहास, भूगोल आणि नीतिशिक्षण हे तासच स्थगित करण्याचा हुकूम निघाला.

अशा वर्गात बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाचा विचार करा. त्याला देशाच्या चुका कुणीच शिकवल्या नव्हत्या, नुसता अभिमानच शिकवला होता. संदेशातलं म्हणणं खरं असतं तर त्याच्यासारखं खंबीर मूल जगात दुसरं नसतं.

साबुरो इएनागा हे इतिहासकार त्याच काळात शिक्षक होते. युद्धात आपण गप्प राहिलो, ही सल त्यांना आयुष्यभर होती. पुढे त्यांनी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात शिक्षण मंत्रालय बदल सुचवू लागलं, तेव्हा १९६५ मध्ये ते कोर्टात गेले. शेवटचा निकाल लागला १९९७ मध्ये. चीनमध्ये जिवंत माणसांवर प्रयोग करणाऱ्या जपानी लष्कराच्या ‘७३१’ पथकाचा उल्लेख गाळायला लावणं बेकायदेशीर होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. त्यांच्या सगळ्या मागण्या काही मान्य झाल्या नाहीत. पण ३२ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या त्या माणसाला देशाविषयी कमी प्रेम होतं, असं मला कुणी सांगू नये.

आणि लांब कशाला जायचं, आपली मराठीच बघा. १७६१ चा तो भयंकर पराभव आपण सहज बोलण्यात वापरतो: ‘पार पानिपत झालं!’ अडीचशे वर्षांहून जास्त काळ तो जिभेवर आहे. त्यामुळे कुणी मान खाली घालून चालत नाही.

‘इतिहास जेतेच लिहितात’

हरलेलेही लिहितात, आणि पुष्कळदा तेच रुजतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडची राज्यं १८६५ मध्ये हरली. १८९४ मध्ये त्या बाजूच्या सैनिकांच्या वारसदार स्त्रियांनी संघटना काढली आणि शाळेच्या पुस्तकांवर बारीक लक्ष ठेवलं. त्यांच्यातल्याच मिल्ड्रेड रदरफर्ड यांनी १९२० च्या सुमारास पाठ्यपुस्तकं तपासायची एक मोजपट्टीच छापली: दक्षिण गुलाम राखण्यासाठी लढली असं म्हणणारं पुस्तक नाकारा. पण १८६१ मध्ये मिसिसिपी राज्याने फुटून निघताना दिलेला जाहीरनामा आजही वाचता येतो. आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित आहे, असं त्यात सुरुवातीलाच लिहिलं आहे. ते त्यांचेच शब्द आहेत, शत्रूने त्यांच्या तोंडी घातलेले नाहीत.

‘परक्यांनी लिहिलेलं पक्षपातीच’

जेम्स मिलने भारतात पाऊल न टाकता, इथली एकही भाषा न शिकता ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास लिहिला. तो १८१७ मध्ये छापून आला, त्यात हिंदूंविषयी तुच्छता भरलेली होती, आणि तरी त्याचा दबदबा मोठा होता. इथवर संदेश बरोबर आहे. पण १८४० च्या दशकात त्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत पानोपानी तळटीपा घालून मिलच्या चुका दाखवणारे होरेस विल्सनही इंग्रजच होते. फरक एवढाच की त्यांना संस्कृत येत होतं आणि मूळ ग्रंथ त्यांनी वाचले होते. तेव्हा लिहिणाऱ्याचा देश विचारण्याआधी त्याने काय वाचलं ते विचारा.

‘मुलांना दोन बाजू झेपत नाहीत’

लंडनमध्ये वॉटर्लू नावाचं स्टेशन आहे, पॅरिसमध्ये ऑस्टरलिट्झ नावाचं. एक नेपोलियनच्या पराभवाचं नाव, दुसरं त्याच्याच विजयाचं. हे सांगितल्यावर ‘असं का?’ हा प्रश्न न सुचणारं मूल मला तरी भेटलेलं नाही.

याहून किती तरी अवघड गोष्ट इस्रायली आणि पॅलेस्टिनी शिक्षकांनी करून पाहिली आहे. इस्रायलचे डॅन बार-ऑन आणि पॅलेस्टाइनचे सामी अदवान यांनी या शतकाच्या सुरुवातीला, आजूबाजूला हिंसाचार चालू असताना, त्यांना एकत्र बसवलं. एकच कथा लिहिणं जमणार नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केलं. म्हणून पुस्तकाच्या पानावर तीन रकाने पाडले. एका कडेला इस्रायली मुलं शिकतात ती हकिगत, दुसऱ्या कडेला त्याच घटनेची पॅलेस्टिनी हकिगत. मधल्या रकान्यात छापलेलं काहीच नाही. तिथे वाचणाऱ्या मुलाने स्वतः लिहायचं.