रोबो विटा रचेल, पण रोबोला विटा कोण देणार?

‘पाच वर्षांत बांधकामावरचा हेल्पर संपणार’ असा एक संदेश सगळीकडे फिरतोय. पुरावे काय, तर दिवसाला ३,००० विटा रचणारा रोबो, थ्रीडी प्रिंटरनं २४ तासांत छापलेलं घर, ऑक्सफर्डचा अभ्यास आणि शेवटी ‘एआय सगळंच शिकेल’.

विटांचा रोबो म्हणजे अमेरिकेतला ‘सॅम’. या नावाचा पूर्ण अर्थच मुळी ‘अर्ध-स्वयंचलित गवंडी’. व्हिडिओ नीट बघा. यंत्रात विटा आणि माल भरतोय तो हेल्पर, मागून विटांमधले सांधे साफ करतोय तो गवंडी. कोपरेही माणूसच धरतो. म्हणजे यंत्रानं हात घातला तो गवंड्याच्या कामात. हेल्परला उलट आता यंत्राच्या वेगानं माल पुरवावा लागतो!

छापलेलं घर २०१७ मध्ये गाजलेलं, रशियातलं, ३८ चौरस मीटरचं. ते २४ तास म्हणजे यंत्र चालल्याचा वेळ, आणि छापल्या त्या भिंती. छप्पर, खिडक्या, वायरिंग, रंग हे सगळं माणसांनी केलं.

ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑसबोर्न यांनी २०१३ मध्ये ७०२ व्यवसाय तपासले. त्यातल्या फक्त ७० व्यवसायांबद्दल तज्ज्ञांनी ‘यंत्राला जमेल की नाही’ हे ठरवलं, बाकीच्यांचं गणित संगणकानं मांडलं. काम तांत्रिकदृष्ट्या यंत्राकडे जाऊ शकतं का, एवढाच तो अंदाज होता. पाच वर्षांची मुदत संदेश लिहिणाऱ्यानं घरची घातली आहे.

राहिलं एआय. कॅमेऱ्याचे फोटो पाहून ते सांगेल की जिन्यात राडारोडा पडलाय. तो उचलून, अर्धवट परांचीखालून वाकून, ओल्या फळीवरून खाली नेणं वेगळं. माणसाला सोपं ते यंत्राला अवघड, हे रोबोतज्ज्ञ हान्स मोरावेक यांनी १९८८ मध्येच लिहून ठेवलंय. जपानच्या शिमिझू कंपनीनं तर १९८३ मध्येच पोलादी तुळयांवर अग्निरोधक थर फवारणारा रोबो साइटवर उतरवला होता. चाळीस वर्षं झाली, हेल्पर आहेच.

मग धोका नाहीच का? आहे, पण तो ज्या यंत्रांकडून आहे त्यांचे व्हिडिओ कुणी पाठवत नाही. स्लॅबच्या दिवशी घमेली हातोहात वर चढवणारी रांग रेडीमिक्स म्हणजे तयार येणाऱ्या काँक्रीटनं आणि पंपानं मोडली. त्यात एआयचा मागमूस नव्हता. अनेक साइटवर सळया कारखान्यातूनच कापून-वाकवून येतात, भिंतींची पॅनेलंही तयार येतात. कामच साइटवरून उठून कारखान्यात जातं.

आणि मला जास्त खुपतं ते दुसरंच. माल देता देता ओळंबा कसा धरायचा, लेव्हल कशी बघायची, हे पाहून पाहून हेल्परचा मिस्त्री होतो. पॅनेल बसवायच्या साइटवर त्याला बघायला मिळणार ते क्रेनला इशारे देणं, पॅनेल टेकू लावून उभं करणं, सांधे भरणं. ही कामं त्याला हाताला धरून शिकवणार, की झाडू देऊन बाजूला उभं करणार, हे ठेकेदार ठरवतो, रोबो नव्हे.