'कुणाचं काय अडलं?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. मोडी लिपी (मराठी भराभर लिहिण्याची जुनी लिपी) आणि जुने मराठी फाँट यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "तार गेली, टाइपरायटर गेला, मोडी गेली. कुणाचं काय अडलं? जुनं जातं, नवं येतं, उगाच गळे काढण्यात अर्थ नाही. उद्या संगणकच मोडी वाचून दाखवेल." मुद्दा रोखठोक आहे, म्हणून उत्तर जरा लांबलं तरी चालेल असं समजते.

तारेबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. 15 जुलै 2013 पासून देशातली तारसेवा बंद झाली. घरोघरी मोबाइल आल्यावर ती रेटत राहण्यात काही हशील नव्हतं. पण कुणाच्या कपाटात पन्नास-साठ वर्षांपूर्वीची तार जपलेली असेल, तर ती आजही नातवंडांना वाचता येते. टाइपरायटरचंही तेच, यंत्र भंगारात गेलं तरी टंकलिखित कागद शाबूत आहे. मोडीच्या बाबतीत मात्र कागद राहिले आणि वाचणारे गेले. माझी तक्रार एवढ्यापुरतीच आहे.

आणि अडलं, अगदी अलीकडे अडलं. 2023 साली मराठा समाजातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. पण जुनी दप्तरं उघडल्यावर त्यातल्या कितीतरी नोंदी मोडीत निघाल्या आणि प्रशासनाला मोडीवाचक शोधावे लागले. ज्या लिपीत राज्याचा कारभार चालला, ती शाळांमधून जाऊन जेमतेम दोन-तीन पिढ्या झाल्यात. जमिनीच्या जुन्या वादात मोडी खत निघालं, की आजही लोक लिप्यंतर करून देणारा माणूस शोधत फिरतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. इतिहासाचा अभ्यासक मोडी शिकून घेतो, पण आजोबांचं खरेदीखत हातात घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याने काय करायचं?

संगणक वाचेल, हेही खोटं नाही. 2014 मध्ये युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना संगणकासाठी ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणाच्या, 7.0 आवृत्तीत मोडीला जागा मिळाली, त्यामुळे मोडी टाइप करता येते. हाताने लिहिलेली मोडी ही वेगळीच गोष्ट आहे. आधी आडवी रेघ मारायची, मग तिच्याखाली होता होईल तो बोरू न उचलता अक्षरं ओढत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, नेहमीचे शब्द संक्षेपाने लिहिलेले आणि प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. यंत्राला हे शिकवायचं, तर माणसांनी अचूक वाचून बालबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत, उतरवलेली हजारो पानं आधी हवीत. ती तयार करणारी माणसं आज हवीत.

आता फाँटचं. इथे तुम्ही फार चटकन पुढे गेलात, आणि मला काळजी याचीच जास्त वाटते. मी बरीच वर्षं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पानं जुळवण्याचं, काम करते. नव्वदच्या दशकापासून पुढे कितीतरी मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, स्मरणिका ज्या फाँटमध्ये जुळवल्या गेल्या, ते युनिकोड नव्हते. कृतिदेव या अशाच एका फाँटमध्ये टाइप केलेला 'मराठी' हा शब्द तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडून बघा. पडद्यावर ई, जे, के, बी, एच ही रोमन अक्षरं दिसतील. फाइलमध्ये साठवलेलं असतं तेच, फाँट त्यावर फक्त मराठी आकार चढवतो. शिवाय या फाँटची मांडणी टाइपरायटरवरून घेतलेली आहे. 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर, 'धर्म' लिहिताना ध, म आणि शेवटी रफार. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे असतो. त्यामुळे रूपांतर करताना नुसती अक्षरं बदलून भागत नाही, वेलांट्या आणि रफार उचलून जागेवर बसवावे लागतात, आणि जोडाक्षर आलं की हमखास घोळ होतो. त्यात प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा. फाँट कोणता होता हे कुणाला आठवत नसेल, तर आधी तेच हुडकत बसायचं.

एका प्रकाशकाकडून माझ्याकडे पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइलींची सीडी आली होती. पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची होती. जुळणी करणारे गृहस्थ हयात नव्हते, फाँटची डाँगल, म्हणजे संगणकाला जोडल्याशिवाय फाँट चालू न देणारी किल्ली, हरवलेली. शेवटी छापील प्रत समोर ठेवून सगळं पुस्तक पुन्हा टाइप केलं. छापील प्रत होती म्हणून हे जमलं. जे कधी छापलंच गेलं नाही, सभेचं इतिवृत्त, कुणाचा अर्धवट राहिलेला प्रबंध, आईने सांगितलेल्या आणि मुलाने टाइप करून ठेवलेल्या ओव्या, त्याचं काय होणार? मोडीचे कागद दोनशे वर्षांनीही रुमालात बांधलेले सापडतात. सीडी तेवढी टिकत नाही.

तेव्हा माझं म्हणणं जुनं धरून ठेवा असं अजिबात नाही. मी स्वतः रोज युनिकोडमध्ये लिहिते. दोन्ही पद्धती येणारी माणसं आपल्यात आहेत तोवर जुना मजकूर नव्यात आणून घ्यावा, इतकंच मागणं आहे. मोडीसाठी राज्याचं पुराभिलेख संचालनालय प्रशिक्षणवर्ग घेतं, इच्छा असेल त्याने जरूर जावं. फाँटचं काम तर घरबसल्या होतं. तुमच्याकडे जुन्या सीड्या असतील तर फाइली आजच हार्ड डिस्कवर घ्या, फाँटचं नाव फाइलच्या नावातच लिहा आणि जमल्यास त्याची पीडीएफ करून ठेवा. युनिकोडमध्ये बदलल्यावरही मूळ फाइल पुसू नका, कारण वेलांट्यांच्या चुका पुष्कळदा नंतर लक्षात येतात. कुठे अडलात तर इथेच विचारा, मला माहीत असलेल्या फाँटपुरती मदत नक्की करेन.