‘तुम्ही स्वतः कधी भरवलंय का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की तीव्र दिव्यांग मूल गावच्या शाळेत बसवायचं, तर शिक्षकांचं प्रशिक्षण त्या मुलासमोर, त्याच वर्गात व्हायला हवं. त्यावर एका वाचकांनी लिहिलंय: "ताई, लेख भावनेच्या भरात लिहिलाय. दोन शिक्षक आणि चार वर्ग, तिथे हे जमणार कसं? बाकीच्या मुलांच्या नुकसानीचं काय? विशेष शाळा आहेत की. शिवाय घरी शिक्षणाची तरतूद 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात नव्हती, 2012 च्या दुरुस्तीने आली. तुम्ही स्वतः कधी अशा मुलाला भरवलंय का?"

2012 बरोबर. चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे. आभार.

आता ते ‘ताई’ आणि ‘भावनेचा भर’. बाईमाणसाने काही लिहिलं की ते भरातच असतं, हे मी डीएडला होते तेव्हापासून ऐकतेय. अहो, लेखात मी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 31 वं कलम दिलंय. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कलमाला कसला आलाय भर? ‘पसंतीच्या’ हा शब्द तेवढा पुन्हा वाचा, म्हणजे विशेष शाळांचं उत्तर तिथेच मिळेल.

आणि हो, भरवलंय.

2018 च्या जूनमध्ये एका बापाने सात वर्षांचा मुलगा कडेवर आणून माझ्या वर्गात ठेवला. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवर ताबा नसणं. मान धरत नव्हता, बोलत नव्हता. त्याआधीच आमचं तालुक्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. पडद्यावर दिव्यांगत्वाचे 21 प्रकार, ते वहीत उतरवून घ्यायचे, चहा, हजेरीपटावर सह्या. मान न धरणाऱ्या पोराला बसवायचं कसं, हे त्या तीन दिवसांत कुणी सांगितलं नाही आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नाही.

दुपारच्या खिचडीला मी माझ्या लेकीला भरवायचे तसंच भरवलं. डोकं मागे, चमचा वरून. असा ठसका लागला की माझेच हातपाय गळाले. पुढे चार दिवस मी चमचा हातात धरला नाही, आईला शाळेत बोलावून घ्यायचे. लिहायला लाज वाटते, पण तुम्ही विचारलंत.

गुरुवारी गटसाधन केंद्राच्या, म्हणजे तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या कार्यालयाच्या, विशेष शिक्षिका आल्या. त्या खाली बसल्या आणि वीस मिनिटांत दाखवून मोकळ्या झाल्या: पार्श्वभाग खुर्चीच्या पाठीला टेकलेला, पावलं जमिनीला टेकलेली, मान किंचित पुढे, चमचा समोरून, खालच्या बाजूने. घास गिळेपर्यंत दुसरा नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय कापले, सायकलच्या ट्यूबचा पट्टा केला, दोन्ही बाजूंना सतरंजीच्या गुंडाळ्या. माझं प्रशिक्षण ते, वीस मिनिटांचं. त्या तीन दिवसांचं प्रमाणपत्र अजून कपाटात आहे.

हजेरी घेताना त्याचं नाव उच्चारून मी न थांबता पुढे जायचे. दिवाळीनंतर दुसरीतली एक पोरगी म्हणाली, "बाई, थांबा ना, तो वर बघतोय." तो नाव ऐकलं की डोळे वर करायचा. रोज ‘हजर’ म्हणत होता आणि मी पुढचं नाव घेत होते. ‘बाकीच्या मुलांचं नुकसान’ म्हणता ना, ही पोरगी त्या बाकीच्यांतलीच.

राहता राहिले दोन शिक्षक, चार वर्ग. तो प्रश्न मला कशाला? प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि उच्च प्राथमिकला 15 मागे एक, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलंय. पदं कुठे आहेत ते मंत्रालयात विचारा, माझ्या लेखाखाली नको.

तुम्ही कुणाला भरवलंय का, हे मी विचारणार नव्हते. आता विचारते.

आणि पुढच्या वेळी ‘ताई’ नको. शाळेत सगळे ‘बाई’च म्हणायचे, तेच म्हणा.